मदत हवी आहे: मामाजींची दाढ काढायची, पण रक्त पातळ करायची गोळी सुरू आहे

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या खेड्यातून लिहिते आहे. मामाजींची खालची दाढ पार किडली, गाल सुजला. दाढ काढायचीच आहे.

पण हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळीदार नळी) टाकल्यापासून त्यांना रक्त पातळ करायची गोळी रोज आहे, शुगरही आहे. शेजारचे म्हणतात, चार दिवस गोळी बंद करा अन् मग काढा. मला नाही पटत. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करणं जिवावर बेतू शकतं. ज्यांच्या घरी गोळी सुरू ठेवूनच दाढ काढली, त्यांनी कृपया अनुभव सांगा. बोळा दाबून रक्त किती वेळात थांबलं?

खरी काळजी खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारी-चुन्याच्या घोटलेल्या मिश्रणाची आहे. सकाळी डोळे उघडले की मामाजींचं पन्नीत (प्लॅस्टिकच्या कागदात) खर्रा घोटणं सुरू! दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, तिच्यावरच जखम भरते. म्हणून पहिले 24 तास गुळण्या नाही, थुंकणं नाही. खर्रा खाणारा माणूस थुंकल्याशिवाय राहतो का? अन् गुठळी निघाली की दोन-तीन दिवसांनी कानापर्यंत ठणका लागतो. आपल्या माणसाला निदान आठवडाभर खर्ऱ्यापासून कसं दूर ठेवलं, ते सांगा ना. रागावून ऐकणारे नाहीत ते.

नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय की वर्ध्याजवळच्या सावंगी मेघेचं दंत महाविद्यालय, कुठं नेणं सोयीचं? स्टेंटची फाइल अन् शुगरचा रिपोर्ट सोबत घेणारच आहे. सूज गळ्याकडे सरकली किंवा गिळता येईना, तर मात्र उत्तरांची वाट न पाहता निघू.