ओझुरडेक्स डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात आलंय: काढायचं की विरघळू द्यायचं?

गोदाकाठ (नाशिकरोड):
वडिलांना मधुमेह, डोळ्याच्या पडद्यावर (रेटिनावर) सूज. तीन आठवड्यांपूर्वी ओझुरडेक्स (डोळ्यात टोचायची स्टेरॉइडची कांडी) टोचलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी लेन्समागची पिशवी फाटली होती, लेन्स टाक्यांनी बसवलेली आहे. आता धुरकट दिसतंय, डोळ्याचा दाब ३२. कांडी पुढे आलीय म्हणतात. एक डॉक्टर म्हणतात विरघळेल, दुसरे म्हणतात लगेच काढा. मुंबई गाठावी का?

पडदावाला:
लगेच काढा. ०.७ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनची ही साधारण ६ मिमीची कांडी विरघळायला महिने घेते. तोवर ती कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाच्या) आतल्या पेशींवर घासत राहते आणि मेलेल्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. सूज कायमची बसली तर डीसेक किंवा डीमेक, म्हणजे कॉर्नियाचा थर बदलणं. मागची पिशवी शाबूत नसेल तर हे इम्प्लांट टोचूच नये, पण ते आता झालं. मुंबईची गरज नाही, रेटिनाचे सर्जन नाशकात आहेत; कसारा घाटात वेळ कशाला घालवायचा? तोवर उताणं झोपवा, ओणवं होऊ देऊ नका.

गोदाकाठ:
बाहुली मोठी करून कांडी मागे ढकलतात ना? ऑपरेशन टळेल?

चिमटा_आणि_कॅन्युला:
ढकलता येते, पण मागच्या पिशवीची भिंतच नाही म्हटल्यावर ती परत येते. धुरकट दिसतंय म्हणजे कॉर्निया सुजला असणार, तेव्हा काढलेलीच बरी. तीन आठवड्यांत ती ठिसूळ होते. चिमट्यात दाबून धरली की तुकडे होतात आणि मागे पडलेला तुकडा शोधायला व्हिट्रेक्टॉमी (डोळ्यातला जेलीसारखा काचद्रव काढायचं ऑपरेशन) करावी लागू शकते. म्हणून आधी पायलोकार्पिन या औषधाने बाहुली आवळायची, व्हिस्कोइलास्टिक (घट्ट जेल) भरून कॉर्निया वाचवायचा, कांडी चिरेच्या रेषेत आणायची आणि टोकाला हलक्या हाताने धरायची, नाहीतर जाड कॅन्युलाने (पोकळ नळीने) ओढून घ्यायची. चिरेत काचद्रव अडकला तर कटरने साफ करायचा. व्हिस्को नीट धुतलं नाही तर रात्रीतून दाब चढतो.

पडदावाला:
३२ साठी टिमोलॉल, डॉर्झोलामाइडचे थेंब (दमा असेल तर टिमोलॉल नको). ओझुरडेक्समुळे चढलेला दाब साधारण दोन महिन्यांनी सर्वाधिक असतो आणि बहुतेकांचा थेंबांनीच आटोक्यात येतो. फ्लुओसिनोलोन या दुसऱ्या स्टेरॉइडचं इम्प्लांट जास्त त्रासाचं: त्याच्या फेम (FAME) चाचणीत कमी मात्रेच्या गटातही ४.८ टक्के रुग्णांना दाबाचं ऑपरेशन लागलं. थेंब पुरले नाहीत तर मायटोमायसिन (व्रण भरू न देणारं औषध) लावून ट्रॅबेक्युलेक्टॉमी, म्हणजे दाब उतरवायचं ऑपरेशन. पडद्याच्या सुजेसाठी पुढे बेव्हासिझुमॅबसारखी इंजेक्शनं विचारा. ओझुरडेक्स नको, हे फाइलवर लिहून घ्या.