चीनच्या हॉस्पिटलातली ओळख: आधार का रांगेतली घुसखोरी?

परतलेली_डॉक्टर:
चीनमधे एमबीबीएस केलं आणि इंटर्नशिपचं वर्षही तिथल्याच एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात काढलं. परवा घरी काका म्हणाले, तिकडे सगळं कडक, वशिला चालत नसणार. चालतो. रोज चालतो, मी शेजारी बसून बघितलाय म्हणून लिहितेय.

ओपीडीत मी सरांच्या बाजूला बसून नोंदी टाइप करायचे. दिवसाचे नंबर संपले तरी डॉक्टरला स्वतःच्या अधिकारात आणखी नंबर वाढवता येतो, त्याला ज्याहाव म्हणतात. सोय चांगलीय, लांबून आलेल्या पेशंटला हात हलवत परत जायला लागू नये. पण सकाळी आठपासून सरांचं वीचॅट, म्हणजे तिकडचं व्हॉट्सॲप, वाजायला लागायचं, हेडनर्सची नणंद, मुलाच्या क्लासटीचरचे वडील, कॉलेजच्या मित्राचा साहेब, आणि दुपारपर्यंत वाढीव नंबर यांच्यातच संपायचे. एकदा एक आजोबा दुसऱ्या जिल्ह्यातून रात्रभर बसने आलेले, हातात एक्सरेची पिशवी, तीनदा दारात येऊन विचारून गेले. तिसऱ्यांदा मीच त्यांना सांगितलं, पुढच्या आठवड्यात या. त्यानंतर दहाच मिनिटांत एक बाई आत येऊन बसल्या, फोनवर बोलणं आधीच झालेलं.

यात कुणी एक पैसा घेतला नाही. आणि म्हणूनच कुणाला काही चुकल्यासारखं वाटत नाही, हे मला जास्त टोचतं. लाच म्हटलं की माणूस दचकतो, पण याला ते ग्वानशी म्हणतात, नातं, संबंध, आणि ते जपणं हा तिथे चांगुलपणा. पण डॉक्टरचे तास तेवढेच राहतात ना? ओळखीच्याला दिलेली वीस मिनिटं दाराबाहेरच्या माणसाचीच असतात.

शांघायचा_भाडेकरू:
नऊ वर्षं राहतोय इथे, मला हे एकांगी वाटलं. ताई, तुम्ही टेबलाच्या आतल्या बाजूला होतात. बाहेरून बघा. आपल्यासारखा फॅमिली डॉक्टर हा प्रकार इथे लोकांच्या सवयीत नाही, सर्दीपासून कॅन्सरपर्यंत सगळे थेट मोठ्या हॉस्पिटलात, मग डॉक्टर तीन मिनिटांत बाहेर काढतो, त्याचाही दोष नाही. बायकोच्या थायरॉइडच्या गाठीचा रिपोर्ट आला तेव्हा एकाने सरळ ऑपरेशन सांगितलं, का ते सांगायला वेळ नाही. घरमालकीणबाईंची भाची नर्स, तिने एका डॉक्टरांशी गाठ घालून दिली, त्यांनी पंधरा मिनिटं बसून समजावलं की सध्या नुसतं लक्ष ठेवलं तरी चालेल. परक्या देशात त्या पंधरा मिनिटांची किंमत काय असते ते ज्याच्यावर वेळ आलीय त्यालाच कळतं. तुम्ही याला घुसखोरी म्हणा, मी आधार म्हणतो.

साधा_हिशोब:
आधार बरोबर, पण ज्याच्या घरमालकिणीला भाची नाही त्याने काय करायचं? तो दलालाकडे जातो. नंबर विकणाऱ्यांना तिथे ह्वांगन्यू म्हणतात, शब्दशः पिवळा बैल. 2016 च्या जानेवारीत बीजिंगच्या ग्वांगआनमन हॉस्पिटलात एका मुलीने ओरडून जाब विचारला तो व्हिडिओ देशभर फिरला, 300 युआनच्या नंबरचे 4,500 मागत होते. शिवाय ऑपरेशनआधी सर्जनला द्यायचं पैशांचं लाल पाकीट, होंगबाव. 2014 मधे सरकारने पेशंट आणि डॉक्टर दोघांकडून पाकीट देणार नाही घेणार नाही असं लिहून घ्यायला सुरुवात केली, म्हणजे प्रकार किती खोल गेला असेल. डॉक्टरचा मूळ पगार कमी, हॉस्पिटल अनेक वर्षं औषधांच्या किमतीवर लावलेल्या 15 टक्के वाढीवर चालायची, ती 2017 मधे सगळ्या सरकारी हॉस्पिटलांतून काढली. त्याच औषधांच्या पैशाच्या वाटेवर ग्लॅक्सो या औषध कंपनीला 2014 मधे लाचेसाठी 3 अब्ज युआन दंड झाला. ओळख या सगळ्यापासून वेगळी काढता येत नाही हो, ओळखीने जागा भरल्या की उरलेल्या जागांचा भाव चढतो.

वॉर्डातला_माणूस:
मीही तिकडेच शिकलो आणि मी शांघायवाल्या दादांच्या बाजूने. एक गोष्ट कुणीच बोललं नाही, भीती. मार्च 2012 मधे हार्बिनला एका पेशंटने हॉस्पिटलात चाकू चालवला, 28 वर्षांचा इंटर्न गेला, त्याने त्या पेशंटला तपासलंसुद्धा नव्हतं. आम्ही इंटर्न म्हणून जायचो तेव्हा सीनियर पहिल्याच दिवशी सांगायचे, दाराकडे पाठ करून बसू नका. अशा ठिकाणी मधे ओळखीचा माणूस असला की तो दोन्ही बाजूंचा जामीन असतो, उद्या काही बिघडलं तर आधी बोलणं होईल. डॉक्टर ओळखीच्या पेशंटला जास्त वेळ देतो तो लाडाने नाही, त्याच्यासमोर धोका खरा खरा सांगता येतो म्हणून.

परतलेली_डॉक्टर:
भीतीचं पटलं, ती मीही अनुभवलीय. पण मग बिनओळखीचा पेशंट जन्मभर संशयितच राहणार, आणि त्याला तीन मिनिटांत उडवलं की त्याचा राग वाढणार, तो राग पुन्हा डॉक्टरवरच येणार. जामीन मिळतो तो ज्याच्याकडे आधीच माणसं आहेत त्यालाच.

कोल्हापुरी_चटका:
आपल्याकडे आमदाराची चिठ्ठी चालते की. आणि ताई, खरं सांगा, स्वतः कधी वापरली का नाही ग्वानशी?

परतलेली_डॉक्टर:
आपल्याकडे चालते म्हणून तिकडची बरोबर ठरत नाही. दुसऱ्याचं उत्तर, हो, वापरली. चौथ्या वर्षाला रात्री पोटात भयंकर दुखायला लागलं, रूममेटने आमच्या मॅडमना फोन केला आणि तासाभरात माझा सीटी झाला. अपेंडिक्स होतं. कॉरिडॉरमधे खुर्च्यांवर माणसं बसलेली, एका बाईच्या मांडीवर लहान मूल, आणि माझी ट्रॉली त्यांच्यासमोरून आत गेली. मॅडमचे उपकार मी विसरणार नाही. पण ते मूल किती वेळ थांबलं हे मी कधी विचारलं नाही, तेही खरंय. म्हणून माझं म्हणणं एवढंच की ज्याहाव बंद करू नका, पण त्यातले निम्मे तरी बाहेरगावहून आलेल्यांसाठी बांधून ठेवा आणि ते कुणाला दिले त्याची यादी दारावर लावा.

शांघायचा_भाडेकरू:
यादी लागली तरी लोक बाहेरगावचा पत्ता दाखवतील, त्यालाही ओळखच लागेल. अपेंडिक्समधे तुम्ही थांबायला हवं होतं असं मी तरी म्हणणार नाही.

परतलेली_डॉक्टर:
मीही म्हणत नाही. त्या आजोबांनी थांबायला हवं होतं, असंही म्हणत नाही.