‘स्पिंडल सेल’ला मराठीत काय म्हणावं?

दिग्रसवाला: काकांची एक नाकपुडी कायम बंद, मधूनच रक्त. तुकडा तपासला तर रिपोर्टात ‘स्पिंडल सेल ट्यूमर, इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करावी’ (म्हणजे पेशींतली प्रथिनं रंगवून बघायची तपासणी) असं आलं. काकूला मराठीत लिहून द्यायचंय. ‘तर्कुपेशी अर्बुद’ वाचून दाखवलं तर म्हणाली, “म्हणजे कॅन्सरच ना?” सोपं काही सुचवा.

आर्वीकर: चातीच्या आकाराच्या पेशी म्हणा. चरख्याची चाती आमच्या वर्धा जिल्ह्यात अजून लोकांना कळते.

शब्दवेडा: ‘तर्कू’ म्हणजे चातीच, जीवशास्त्राच्या पुस्तकांत रुळलेला शब्द आहे, वापरला की सोपा होतो. हिंदीतला तकुआ त्याच्यावरूनच आला. माझ्या मते ‘तर्क’सुद्धा तिथलाच, दोन्हींत पीळ आहे.

आर्वीकर: पिळावरून व्युत्पत्ती ठरत नसते. आणि पुस्तकातला शब्द काकूला काय कामाचा?

स्लाइडवाली: मी पॅथॉलॉजीत आहे. शब्द कोणताही घ्या, पण काकूंना आधी हे सांगा की हा फक्त पेशीचा आकार आहे, रोगाचं नाव अजून ठरायचंय. नाक-सायनसमध्ये अशा पेशींच्या गाठी बऱ्याच. श्वानोमा ही मज्जातंतूच्या आवरणातली साधी, कॅन्सर नसलेली गाठ, तिच्यात एस-१०० हे प्रथिन ठळक रंगतं. स्टॅट-६ हे प्रथिन पेशीच्या केंद्रकात रंगलं तर सॉलिटरी फायब्रस ट्यूमर ही दुसरी गाठ, बीटा-कॅटेनिन हे प्रथिन केंद्रकात दिसलं तर ग्लोमँजिओपेरिसायटोमा या तिसऱ्या गाठीकडे कल. पण २०१२ मध्ये वेगळा ओळखला गेलेला बायफेनोटिपिक सायनोनेझल सार्कोमा हा नाक-सायनसचा कॅन्सर एस-१००ही दाखवतो आणि स्नायूचे मार्कर, म्हणजे ओळखीची प्रथिनंही. म्हणून एकट्या एस-१००वर श्वानोमा लिहून मोकळं होता येत नाही. या सार्कोमासाठी पॅक्स-३ जनुकातला बदल शोधावा लागतो. मेलॅनोमा, कार्सिनोमा हे कॅन्सरही कधी हेच रूप घेतात. तुकडा ज्यात जपून ठेवलेला असतो तो मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड्स लॅबमधून मागून घ्या, पुढच्या तपासण्या त्यावरच होतात.

पुसदची लेक: चाती म्हणजे नुसती लोखंडी सळई हो! फुगीर कुठं असते? आजीच्या पेटीचरख्यावर सूत भरलं की कुकडी व्हायची, मधे जाड, दोन्ही टोकांना निमुळती. पेशी कुकडीसारखी म्हणा.

शब्दवेडा: कुकडी आज कोणाला माहीत आहे? त्यापेक्षा हातानं सूत कातायची टकळी तरी म्हणा.

पुसदची लेक: टकळीला खाली चकती असते, आकार जुळत नाही.

दिग्रसवाला: ब्लॉक मिळाला, नागपूरला पाठवतोय. काकूला सध्या ‘लांबट पेशींची गाठ, प्रकार ठरायचाय’ असं लिहून दिलं.

शब्दवेडा: ‘लांबट’मध्ये टोकांचा निमुळतेपणा कुठे आला?

आर्वीकर: मग ‘तर्कू’त तरी काकूला तो कुठं दिसतो?