पोरांना मासे दाखवायला बेळगावहून कुठं न्यावं?

टिळकवाडीचा बाबा: मुलगी सहाची, पोरगा साडेतीनचा. शनिवारच्या बाजारातला पाटीतला बांगडा बघून पोरगा म्हणाला, "बाबा, हा झोपलाय?" जिता मासा दाखवायलाच पाहिजे की ओ! रत्नागिरीचं मत्स्यालय कसं आहे? एका दिवसात जाऊन येणं जमेल का? आईपण येणार, गुडघे दुखतात तिचे.

निपाणीची सून: आम्ही दिवाळीत गेलतो. झाडगावात, कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी संशोधन केंद्रात आहे. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयासारखं थोरलं समजून जाऊ नका, तासाभरात बघून होतं. पण देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे! पोरगं त्याच्यापुढं गप्पच झालं, घरात एक मिनिट गप्प बसत नाही ते. आंबा घाटात मात्र दोनदा ओकलं. आलेपाक आणि जुना टॉवेल जवळ ठेवा.

खानापूरकर: एका दिवसात जाऊन येणं? आईंचे गुडघे दुखतात म्हणताय आणि वर हे! मुक्काम करा. आणि पोरांना काच वाजवू देऊ नका, मासे बिथरतात.

टिळकवाडीचा बाबा: जाऊन आलो, मुक्काम केला. लेकीला समुद्रघोडा आवडला. अंडी बाप पोटाच्या पिशवीत सांभाळतो म्हटल्यावर आई माझ्याकडं बघून म्हणाली, "बघ, शिक जरा." पोरगा काचेला नाक चिकटवून उभा. नाकाचा ओला ठसा मी रुमालानं पुसला, त्यानं परत उमटवला. परवा बाजारात तोच बांगडा बघून म्हणतो, "ह्याला पाण्यात सोड."