कुकरमध्ये एग बाइट्स: जाळी पडते, पाणी सुटतं, काय चुकतंय?

चाफेकळी

नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसतीच वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. मी साडेतीन वर्षं सिअ‍ॅटलला होते, तिकडे सकाळी ऑफिसला जाताना स्टारबक्समधून एग बाइट्स घ्यायचे. एका पाकिटात दोन येतात, मला बेकन आणि ग्रुयेर चीजवाले आवडायचे. ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांना सांगायचं तर ऑम्लेटही नाही आणि उकडलेलं अंडंही नाही, आतून एकदम मऊ गुळगुळीत, कुठे दाणा नाही, छिद्र नाही.

आता पुण्यात परत आलेय आणि मला हे माझ्यासाठी नाही, बाबांसाठी करायचंय. बाबा ७४ वर्षांचे आहेत, मागच्या महिन्यात पूर्ण कवळी बसवली, डॉक्टरांनी प्रोटीन वाढवा म्हणून सांगितलंय पण उकडलेलं अंडं त्यांना कोरडं लागतं, बलक घशात बसतो म्हणतात, ऑम्लेट चावायला त्रास होतो. म्हणून हे आठवलं.

दोनदा केलं, दोन्ही वेळा फसलं. पहिल्यांदा ४ अंडी, १०० ग्रॅम विकतचं पनीर, दोन चीज क्यूब, मीठ मिरपूड, सगळं मिक्सरला चांगलं दोन मिनिटं फिरवलं, इडलीपात्रात ओतलं आणि ५ लिटरच्या कुकरला दोन शिट्ट्या केल्या. उघडलं तेव्हा टम्म फुगून वरच्या ताटलीला चिकटले होते, दोन मिनिटांत खाली बसले, कापल्यावर सगळी जाळी, चावायला रबर, कडेने हिरवट रंग आणि वास. दुसऱ्यांदा दूध वाढवलं आणि एकच शिट्टी केली तर वाटीत पाणी सुटलं आणि पनीरचे दाणे तळाला.

माझ्याकडे इन्स्टंट पॉट (तो विजेवर चालणारा प्रेशर कुकर) नाहीये, साधा कुकर आहे. यात जमतं का? कोणी केलंय का?

रानमेवा

चाफेकळी, मी न्यू जर्सीत असते आणि आमच्याकडे दर रविवारी आठवड्याचे करून ठेवते, मुलं शाळेत जाताना गरम करून खातात. पण माझं सगळं इन्स्टंट पॉटमधलं आहे, ते सांगते, त्यातलं तुला काय घेता येईल बघ.

४ मोठी अंडी, अर्धा कप कॉटेज चीज, अर्धा ते पाऊण कप किसलेलं चीज, पाव कप हेवी क्रीम. सिलिकॉनचा सात खळग्यांचा गोल साचा मिळतो, ६ क्वार्टच्या (साधारण पावणेसहा लिटरच्या) भांड्यात बरोबर बसतो. खाली एक कप पाणी, त्यावर जाळी, त्यावर साचा, साच्यावर फॉइल सैलसर. स्टीमवर ८ मिनिटं, मग १० मिनिटं हातही लावायचा नाही, त्यानंतर उरलेली वाफ सोडायची. लगेच वाफ सोडलीस तर आतलं प्रेशर एकदम उतरतं आणि अंडं उसळून फुटतं, मी सुरुवातीला दोन-तीनदा तेच केलं होतं. लो प्रेशर असेल तर त्यावर अजून छान होतात पण काही मॉडेलना ते बटणच नसतं.

आणि एक, कॉटेज चीज म्हणजे पनीर नव्हे गं. आपल्याकडे मेनूकार्डावर पनीरला कॉटेज चीज लिहितात त्यामुळे सगळ्यांचा गोंधळ होतो. इथलं कॉटेज चीज ओलं, सुटं, थोडं खारट, त्यात साय मिसळलेली असते, चमच्याने खातात. विकतचं पनीर दाबून घट्ट केलेलं असतं, ते मिक्सरमध्ये कितीही फिरवलं तरी रवाळच राहतं. तुझे दाणे तिथून आले.

वाफाळ

मी बावीस वर्षं हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलांना किचन शिकवलंय, आता निवृत्त आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, चालवून घ्या.

ताई, तुम्ही याला अंडं समजून शिजवताय. हे अंडं नाही, हे खरवसाच्या जातीचं आहे. तुमच्या घरी खरवस करताना आई कुकरची शिट्टी काढून ठेवायची की नाही? आणि चुकून आच मोठी राहिली की खरवसाला जाळी पडायची आणि पाणी सुटायचं? तुमचं दोन्ही वेळा तेच झालंय. जुन्या घरांमध्ये अंड्याचं कॅरामल पुडिंग कुकरात करायचे तेसुद्धा असंच, डब्यावर झाकण, शिट्टी नाही, मंद आच.

कारण सांगतो. अंड्याचा पांढरा भाग साधारण ६२ अंशांपासून घट्ट व्हायला लागतो, पिवळा ६५ ते ७० च्या दरम्यान. दूध, साय, चीज मिसळलं की तेच मिश्रण ८० च्या आसपास छान सेट होतं, आणि ८५ च्या पुढे गेलं की प्रथिनं एकमेकांना इतकी आवळून धरतात की त्यांच्यात अडकलेलं पाणी बाहेर पिळून निघतं. तुमच्या वाटीतलं पाणी हे ते पाणी. तो जो कॉफीशॉपवाला प्रकार आहे तो सू-वीड पद्धतीचा, म्हणजे बंद करून एकाच ठरावीक तापमानाच्या पाण्यात हळूहळू शिजवलेला, स्टारबक्सने अमेरिकेत जानेवारी २०१७ मध्ये आणला तोच त्या नावाने. घरी सू-वीड यंत्र असलेले लोक काचेच्या बरणीत मिश्रण घालून पाणी ७८ अंशांवर तासभर धरून ठेवतात, म्हणून ते इतकं गुळगुळीत होतं.

आता तुमचा कुकर. शिट्टी लावून पूर्ण प्रेशर आलं की आत साधारण १२० अंश असतं. १२० कुठे आणि ८० कुठे! शिट्टी काढली की आतली वाफ पाण्याच्या उकळबिंदूच्या वर जात नाही, पुण्यात तो ९८ च्या आसपास. तेही आपल्याला हवंय त्यापेक्षा जास्तच आहे पण तिथे आपण वेळ सांभाळून आणि वाटी झाकून काम काढू शकतो, १२० ला ते शक्य नाही. हिरवट कडा आणि वास हाही अति उष्णतेचाच प्रकार, पांढऱ्यातलं गंधक आणि पिवळ्यातलं लोह एकत्र येतं, जास्त उकडलेल्या अंड्याच्या बलकाभोवती करडी-हिरवी रेघ दिसते तेच हे. खायला अपाय नाही पण बाबांना ते आवडणार नाही.

मिक्सर दोन मिनिटं फिरवू नका. हवा भरली जाते, वाफेत ती फुगते आणि नंतर बसते. आधी पनीर आणि चीज थोड्या दुधाबरोबर अगदी गंध होईपर्यंत वाटा, मग अंडी घालून मिक्सर नुसता दोन-तीनदा पल्स करा किंवा हाताने फेटा, गाळणीने गाळा आणि पंधरा मिनिटं तसंच ठेवा, वरचा फेस चमच्याने काढून टाका. गाळायचा कंटाळा करू नका, अंड्यातला तो पांढरा दोरा गाळला गेला नाही तर नेमका तोंडात येतो.

चाफेकळी

वाफाळकाका, खरवस! हे डोक्यातच आलं नव्हतं, आणि आई खरंच शिट्टी काढून ओट्यावर ठेवायची, मला तो दिवस डोळ्यासमोर आला. खूप खूप आभार. रानमेवा तुझेही, मी पनीरचं दुकानातलं पाकीटच वापरलं होतं.

मग पनीरच्या ऐवजी काय घालू? आणि इडलीपात्र चालेल की वाट्या घेऊ?

वाफाळ

अर्धा लिटर दूध लिंबाने फाडा, फडक्यात गाळा, दहा मिनिटं टांगून ठेवा पण दाबू नका. ओलं असतानाच वापरा. त्यात दोन चमचे ताजी साय. झालं तुमचं कॉटेज चीज, जवळपास. हे करायला वेळ नसेल तर श्रीखंडासाठी करतो तसा चक्का, फक्त दही गोड हवं, आंबट दह्याने मिश्रण फाटल्यासारखं होतं.

चीजचं म्हणाल तर ग्रुयेर इथे महाग आहे, आणि खरं सांगू का, साधं अमूलचं प्रोसेस्ड चीज इथे चांगलं काम करतं. त्यात जे इमल्सिफायर क्षार असतात त्याने तूप वेगळं सुटत नाही, एकसंध वितळतं. चव ग्रुयेरची येणार नाही हे मान्य. ते खारट असतं म्हणून वरून मीठ अगदी चिमूटभर, वयस्कर माणसासाठी करताय तर बहुतेक नकोच.

इडलीपात्रापेक्षा वाट्या. इडलीचा खळगा उथळ असतो, कडा आधी शिजून कडक होतात. स्टीलच्या लहान खोलगट वाट्या घ्या, आतून लोणी लावा, तीन चतुर्थांश भरा, प्रत्येक वाटीवर फॉइल किंवा छोटी ताटली, नाहीतर झाकणाचं पाणी टपटप आत पडतं. स्टील लगेच तापतं म्हणून कुकरच्या तळाच्या जाळीवर एक घडी घातलेलं सुती फडकं ठेवा, त्यावर वाट्या. पाणी दोन ग्लास, कारण शिट्टी नसल्यामुळे वाफ उडत राहते, कुकर कोरडा पडायला नको. फडकं किंवा फॉइल वरच्या वाफेच्या भोकाशी जाणार नाही एवढं बघा, ते मोकळंच राहिलं पाहिजे.

आधी पाणी उकळू द्या, वाफ यायला लागली की वाट्या ठेवा, झाकण लावा, आच अगदी मंद. १० मिनिटांनी गॅस बंद, ५ मिनिटं तसंच. वाटी हलवली की मधला भाग किंचित थरथरला पाहिजे. पूर्ण घट्ट दिसला तर समजा उशीर झाला.

कोकणकडा

शिट्टीच काढायची तर कुकर हवाच कशाला? आमच्याकडे मोदकपात्रात होतात. पातेल्यात पाणी, वर चाळणी, वर झाकण, संपलं. मी तर सरळ सांगेन, झाकणाला फडकं बांधा, ढोकळ्याला बांधतो तसं, मग वाटीवाटीला फॉइल लावायचीही गरज नाही.

वाफाळ

कोकणकडा, मोदकपात्र उत्तमच, माझा काही विरोध नाही. कुकरचं झाकण घट्ट बसतं म्हणून वाफ एकसारखी राहते आणि गॅस कमी लागतो एवढंच. झाकणाला फडकं बांधायची युक्ती मात्र मस्त, ती कुकरला करू नका पण पातेल्याला जरूर करा.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितेय. बेकनच्या जागी आम्ही चोरीस (आमचं मसालेदार पोर्क सॉसेज) घालतो आणि मला विचाराल तर बेकनपेक्षा भारी लागतं. पण एक काळजी घ्या, चोरीसमध्ये चरबी भरपूर असते आणि व्हिनेगर असतं, कच्चं घातलं तर अंड्याला लाल तेल सुटतं. आधी पातळ आवरण काढून मंद आचेवर परतायचं, चरबी निथळू द्यायची, कागदावर टिपायचं आणि गार झाल्यावर वाटीत तळाला एक चमचाच घालायचं, वरून मिश्रण. बाबांना तिखट चालत नसेल तर नको. त्यांच्यासाठी मशरूम बारीक चिरून लोण्यात परतून घाला, पण पाणी पूर्ण आटेपर्यंत परता. भोपळी मिरची, टोमॅटो, पालक काहीही कच्चं घातलंत की परत वाटीत पाणी.

रानमेवा

अजून एक राहिलंच. इथल्या रेसिपी बघून करणार असाल तर इथलं लार्ज अंडं आपल्याकडच्या साध्या अंड्यापेक्षा थोडं मोठं असतं, त्यामुळे ४ लिहिलं असेल तर लहान अंडी ५ घ्या, नाहीतर दुधाचं प्रमाण जास्त होऊन सेटच होत नाही. आणि मी अर्धा चमचा कॉर्नफ्लोअर घालते, त्याने थोडी चूक झाली तरी पाणी सुटत नाही. वाफाळकाका रागावतील कदाचित.

वाफाळ

अजिबात नाही, बरोबर आहे ते. पिठूळ चव येणार नाही इतकंच घाला आणि आधी दुधात कालवून घ्या.

चाफेकळी

आज सकाळी केले!! सांगायला धावत आलेय. ५ अंडी, अर्धा लिटर दुधाचं ओलं पनीर, दोन चमचे साय, दोन चीज क्यूब, मीठ घातलंच नाही, अर्धा चमचा कॉर्नफ्लोअर. गाळलं तेव्हा गाळणीत केवढा तरी पांढरा चोथा राहिला, तो मी आधी दोन्ही वेळा बाबांना खायला घालत होते याचं वाईट वाटलं. आठ लहान वाट्या झाल्या, पहिल्या चार १० मिनिटं ठेवल्या त्या मधे जरा ओल्या वाटल्या म्हणून परत २ मिनिटं वाफवल्या, दुसऱ्या चार सरळ १२ मिनिटं ठेवल्या आणि त्या अगदी हव्या तशा झाल्या. माझ्या वाट्या जरा जाड आहेत म्हणून असेल. एकही छिद्र नाही. फक्त कडेला एक अगदी पातळ पट्टी थोडी घट्ट झाली, ती सिअ‍ॅटलच्यात नसायची.

बाबांनी आधी चमच्याने टोक तोडून बघितलं, मग एक पूर्ण खाल्ली, मग काही न बोलता दुसरी ओढली. महिनाभर जेवताना कवळी काढून ठेवायचे, आज काढली नाही.

उरलेल्या चार फ्रीजमध्ये ठेवल्यात. किती दिवस टिकतील? आणि गरम कशा करायच्या, परत वाफेवर?

रानमेवा

वाचून इतकं बरं वाटलं! झाकणाच्या डब्यात ३-४ दिवस बिनधास्त. मायक्रोवेव्हला गरम करायचे तर अर्ध्या पॉवरवर ३०-४० सेकंद आणि आधी स्टीलच्या वाटीतून काढून काचेच्या बशीत घे. फुल पॉवरवर केलंस तर परत रबर. मायक्रोवेव्ह नसेल तर वाफेवर ३-४ मिनिटं.

वाफाळ

ताई, ती कडेची पट्टी स्टीलमुळे आहे. घरात जाड काचेचे किंवा चिनीमातीचे लहान कप असतील तर पुढच्या वेळी त्यात करा, वेळ तीन-चार मिनिटं जास्त लागेल. कप गरम वाफेत एकदम ठेवू नका, तडकतात, दोन मिनिटं कोमट पाण्यात ठेवून मग आत ठेवा. बाबांना नमस्कार सांगा.

चाफेकळी

आईचे चहाचे चिनीमातीचे कप आहेत, कान नसलेले, त्यात करते रविवारी. मांडवीकाठ, बाबा तिखट खातात हो, चोरीसचं नाव काढल्यावर त्यांनीच विचारलं कधी करतेस. कांदा घातला तर चालेल का त्यात, परतून?

मांडवीकाठ

चालेल की! चोरीसच्याच चरबीत परता, चांगला लाल होऊ द्या, मग दोन्ही एकत्र निथळा. आणि त्या दिवशी चीज एकच क्यूब घाला, चोरीस आधीच खारट असतं.