येळ्ळूरच्या नाल्यातला वटवट्या

दादा, तुम्ही नाल्याकाठच्या पक्ष्याला युरोपातला मोठा बोरू वटवट्या म्हटलंय, पण तो हिवाळ्याला आफ्रिकेत जातोय, इकडं नाही येत. आपल्याकडं पाणकणसात घसा फोडून ओरडणारा बहुतेक स्टेन्टोरिअस नावाच्या जातीचा बोरू वटवट्या असतोय, आणि येळ्ळूरच्या शेताकडं घाणेरीच्या झुडपात मला रोज सकाळी ऐकू येतोय तो ब्लिथचा बोरू वटवट्या, ही आणखी वेगळी जात, नुसतं चक् चक् करत पानाआड सरकत राहतोय, दिसतोय कुठं लवकर! फिनलंड ते सायबेरिया तिकडं घरटी करून तो सप्टेंबरच्या सुमाराला भारतात उतरतोय, एप्रिल-मे पर्यंत राहतोय. ह्या ब्लिथच्या वटवट्याच्या शास्त्रीय नावातलं ड्युमेटोरम म्हणजे झुडपातला, तेव्हा नुसत्या लव्हाळ्यात शोधू नका. आणि जुन्या पुस्तकात ह्या बोरू वटवट्यांचं सिल्व्हिडी कुळ लिहिलंय ते आता बदललंय, अ‍ॅक्रोसेफॅलिडी म्हणून वेगळं कुळ केलंय. आवाज रेकॉर्ड करून टाका की.