पिट्युटरीच्या गाठी: मायक्रोस्कोप मोडीत काढण्याची घाई कशाला?

मूळ मांडणी – रामदासपेठेतील जुना न्यूरोसर्जन

परवा नागपूर शहरातील काही सहकाऱ्यांशी बोलताना एका तरुण मित्राने असे ठामपणे सांगितले की, मेंदूच्या तळाशी असलेल्या, हार्मोन स्रवणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीच्या शस्त्रक्रियेसाठी विद्यार्थ्यांना यापुढे मायक्रोस्कोप शिकवण्याची गरज उरलेली नाही, कारण एंडोस्कोपने, म्हणजे नाकातून आत घालायच्या बारीक दुर्बिणीने, तो वाद कायमचा निकालात काढला आहे. मला हे मान्य नाही आणि त्याची कारणे येथे सविस्तर मांडतो.

नाकावाटे पिट्युटरीपर्यंत जाण्याचा मार्ग १९०७ मध्ये श्लोफर यांनी इन्सब्रुक येथे प्रथम वापरला. हार्वे कुशिंग यांनी १९१० ते १९२५ या काळात त्या मार्गाने २३१ रुग्णांवर शस्त्रक्रिया केल्या आणि त्यांतील मृत्यूचे प्रमाण ५.६ टक्के होते, जे प्रतिजैविके नसलेल्या त्या काळात थक्क करणारे आहे. तरीही कवटी उघडून वरून गेल्यास दृष्टीच्या नसांवरील दाब अधिक खात्रीने काढता येतो, असे मत झाल्याने त्यांनी पुढे तो मार्ग सोडला, आणि त्यांनी सोडला म्हणून बहुतेक जगानेही सोडला. एडिनबर्गला नॉर्मन डॉट यांनी तो चालू ठेवला, त्यांच्याकडून तो फ्रान्समधील गियो यांच्याकडे गेला, आणि गियो यांच्याकडे शिकलेल्या ज्यूल्स हार्डी यांनी १९६० च्या दशकात माँट्रियलमध्ये त्याला मायक्रोस्कोपची जोड दिली. निरोगी ग्रंथी जागेवर ठेवून काही मिलिमीटरची गाठ तेवढी वेचून काढता येते, हे तेव्हापासून सिद्ध झाले. एका मोठ्या सर्जनच्या मतावरून सर्वांनी एखादी पद्धत टाकून देणे किती महाग पडते, हे या शाखेने एकदा अनुभवलेले आहे.

आता मुद्द्याकडे येतो. मायक्रोस्कोपमधून दोन्ही डोळ्यांनी पाहिले जाते, त्यामुळे खोलीचा अंदाज खरा असतो. आपल्याकडील बहुतेक एंडोस्कोपचे चित्र पडद्यावर सपाट दिसते आणि उपकरण पुढेमागे हलवून खोली ओळखावी लागते. नाकातला मार्ग उघडा धरणारा स्पेक्युलम बसवल्यावर सर्जनचे दोन्ही हात मोकळे राहतात आणि रक्त आले तरी भिंग रुग्णाच्या शरीराबाहेर असल्याने दृश्य टिकते. एंडोस्कोपचे टोक मात्र त्याच रक्तात असते. आमच्या क्षेत्रातील सर्वांत भीतिदायक प्रसंग म्हणजे मेंदूला रक्त पुरवणाऱ्या कॅरॉटिड धमनीला झालेली इजा, आणि तेथे दृश्य गेले की सेकंदही मोठा वाटतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक आढाव्यात, अम्मिराती आणि सहकाऱ्यांच्या, गाठ काढण्याच्या प्रमाणात मोठा फरक आढळला नाही, पण रक्तवाहिन्यांची गुंतागुंत एंडोस्कोपिक गटात अधिक आढळली.

याचा अर्थ एंडोस्कोप वाईट आहे, असा मी काढत नाही. खोगिराच्या आकाराच्या हाडाच्या खळगीत, म्हणजे सेलामध्येच राहिलेल्या लहान गाठीसाठी मायक्रोस्कोप आजही पुरेसा आहे, आणि जो सर्जन तो उत्तम वापरतो त्याने केवळ जाहिरातीत ‘दुर्बिणीद्वारे’ हा शब्द टाकता यावा म्हणून पद्धत बदलू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. वर्धा रोडवरील फलक पाहिले की मला याबाबत शंका वाटते.

प्रतिसाद – वर्धा रोडवरील तरुण न्यूरोसर्जन

सर, ते विधान माझेच होते, म्हणून उत्तर देणे माझे कर्तव्य आहे.

आपण खोलीच्या आकलनाबद्दल लिहिले, पण दृश्याच्या रुंदीबद्दल लिहिले नाही. मायक्रोस्कोपची नजर स्पेक्युलमच्या नळीतून सरळ रेषेत जाते आणि त्या रेषेच्या बाहेर जे आहे ते सर्जन पाहत नाही. क्युरेटने, म्हणजे खरवडण्याच्या उपकरणाने, चाचपून, सवयीने, तो ते काढतो. एंडोस्कोपचा प्रकाश आणि नजर दोन्ही थेट सेलाच्या दाराशी असतात, आणि ३० किंवा ४५ अंशांचे भिंग लावले की सेलाच्या कोपऱ्यांत, वर ऑप्टिक कायझमच्या, म्हणजे दृष्टीच्या नसा एकत्र येतात त्या जागेच्या, खाली आणि बाजूला, जिच्यातून कॅरॉटिड जाते त्या कॅव्हर्नस सायनस या शिरेच्या पोकळीच्या भिंतीपर्यंत काय उरले आहे ते दिसते. आपल्याकडे येणाऱ्या गाठी मोठ्या असतात. गडचिरोली किंवा बालाघाटकडचा रुग्ण चष्म्याचा नंबर दोनदा बदलून, मोतीबिंदूची शंका घेऊन, मग कधीतरी एमआरआयपर्यंत पोहोचतो. तोवर गाठ तीन-साडेतीन सेंटिमीटरची झालेली असते. अशा गाठीत सेलाबाहेरचा भाग डोळ्यांना न दिसता काढणे मला पटत नाही.

आकड्यांबद्दल बोलायचे तर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकेतील ट्रान्सस्फीअर अभ्यास पाहावा. त्यात हार्मोन न स्रवणाऱ्या गाठींच्या रुग्णांची दोन्ही पद्धतींनी तुलना केली होती. गाठ पूर्ण निघण्याचे प्रमाण एंडोस्कोपने ८३.७ टक्के आणि मायक्रोस्कोपने ८० टक्के, म्हणजे जवळजवळ सारखे होते. पण सहा महिन्यांनी किमान एका हार्मोनची नवी कमतरता मायक्रोस्कोपिक गटात २८.४ टक्के रुग्णांत आढळली आणि एंडोस्कोपिक गटात ९.७ टक्के रुग्णांत. रुग्णाच्या दृष्टीने हा फरक आयुष्यभराच्या गोळ्यांचा आहे. शिवाय त्या अभ्यासातील मायक्रोस्कोप वापरणारे सर्जन एंडोस्कोप वापरणाऱ्यांपेक्षा अधिक अनुभवी होते, ही बाब आपल्या युक्तिवादाला अधिकच अडचणीची आहे.

२०१३ च्या आढाव्याबाबत एवढेच म्हणतो की, त्यात एंडोस्कोपचे जे अभ्यास आले त्यांत अनेक संघ ही पद्धत नव्याने शिकत होते. जो एंडोस्कोपने हाडाखालील कॅरॉटिडचा उंचवटा स्वतः पाहतो आणि मेंदूचे आवरण कापण्यापूर्वी डॉप्लरने, म्हणजे रक्तप्रवाह ओळखणाऱ्या यंत्राने, खात्री करतो, त्याच्या हातून ती धमनी सुरक्षित राहण्याची शक्यता अधिक आहे, असे मला वाटते.

प्रतिसाद – धंतोलीतील कान-नाक-घसा तज्ज्ञ

दोघांच्याही मांडणीत नाकाचा उल्लेख जवळजवळ नाही, याची मला गंमत वाटली. एंडोस्कोपिक पद्धतीत दोन्ही नाकपुड्यांतून चार हात काम करतात, त्यासाठी नाकाच्या मधल्या पडद्याचा मागचा भाग काढावा लागतो, आणि मेंदूभोवतीचे पाणी गळण्याची भीती असेल तर पडद्यावरील श्लेष्मल आवरणाचा रक्तपुरवठ्यासह फ्लॅप, म्हणजे पट्टा, उचलावा लागतो. हा फ्लॅप अर्जेंटिनातील हदाद आणि बासागास्तेगी यांच्या नावाने ओळखला जातो, २००६ मध्ये तो साहित्यात आला आणि मोठ्या छिद्रांमधून होणारी गळती त्याने बरीच आटोक्यात आणली. परंतु तो उचलल्यानंतर पडद्याचा उघडा भाग भरून येईपर्यंत काही आठवडे किंवा महिने खपल्या धरतात, नाक धुवावे लागते, काहींचा वास मंदावतो. लहान गाठीत गळती नसताना तो सवयीने उचलणारे सर्जन मी पाहिले आहेत, आणि त्या रुग्णांचे नाक नंतर माझ्याकडे येते.

तेव्हा तरुण डॉक्टरांना माझे सांगणे असे की, एंडोस्कोप नाकाला आपोआप सौम्य ठरत नाही. तो वापरणाऱ्याने टर्बिनेट, म्हणजे नाकाच्या आतल्या बाजूच्या हाडाच्या घड्या, जपले तर ठरतो. जुन्या डॉक्टरांनाही सांगतो की, स्पेक्युलमने पडदा दाबून बाजूला सारणे, आणि पूर्वी ओठाखालून छेद घेतला जात असे तेव्हा वरच्या दातांना येणारी बधिरता, हेही काही सौम्य नव्हते.

मूळ लेखकाचे उत्तर

ट्रान्सस्फीअरचा आकडा महत्त्वाचा आहे आणि मी तो टाळत नाही. तो अभ्यास यादृच्छिक वाटपाचा नव्हता, हे मात्र लक्षात ठेवावे. कोणत्या रुग्णावर कोणती पद्धत वापरायची हे त्या सर्जनच्या सवयीवरून ठरले होते, आणि हार्मोन न स्रवणाऱ्या गाठींपुरताच तो मर्यादित आहे. कुशिंग रोगात, म्हणजे पिट्युटरीच्या गाठीमुळे शरीरात कॉर्टिसॉल वाढते त्या आजारात, चित्र वेगळे आहे. २०१८ मध्ये ब्रोएर्सेन आणि सहकाऱ्यांनी साडेसहा हजारांहून अधिक रुग्णांचे अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा रोग आटोक्यात येण्याचे एकूण प्रमाण दोन्ही पद्धतींत सुमारे ८० टक्के होते. एक सेंटिमीटरपेक्षा मोठ्या गाठींत एंडोस्कोपची सरशी झाली, ७६.३ विरुद्ध ५९.९ टक्के, लहान गाठींत मात्र दोन्ही पद्धती बरोबरीच्या ठरल्या. माझा आग्रह नेमका त्या लहान गाठींबाबत आहे, जेथे एमआरआयवरही कधीकधी काही दिसत नाही आणि ग्रंथीचे थर एकेक उलगडत जावे लागते.

मोठ्या, वर गेलेल्या गाठीत एंडोस्कोप अधिक दाखवतो, हे मी कोणाशीही वाद न घालता मान्य करीन. पण कॅव्हर्नस सायनसमध्ये शिरून कॅरॉटिडला वेढा घातलेली, म्हणजे बाजूला शिरण्याच्या नॉस्प मोजणीत चौथ्या, सर्वांत वरच्या श्रेणीची गाठ दिसली म्हणून निघतेच असे नाही. दिसण्यामुळे येणारा मोह हाही एक धोका आहे.

प्रतिसाद – एक एंडोक्रायनोलॉजिस्ट (हार्मोनतज्ज्ञ)

आपण सर्व सर्जन आहात, म्हणून बाहेरून एक गोष्ट सांगते. बेल्जियममधील लिएज येथील २००६ च्या एका अभ्यासात दर १०६४ व्यक्तींमागे एकाला वैद्यकीयदृष्ट्या दखल घ्यावी अशी पिट्युटरीची गाठ आढळली, आणि त्यांतील सुमारे दोन तृतीयांश गाठी प्रोलॅक्टिन हे हार्मोन स्रवणाऱ्या, म्हणजे प्रोलॅक्टिनोमा, होत्या. या गाठी बहुधा कॅबर्गोलिन या गोळीने आकसतात. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय सहमती-निवेदनाने लहान, नीट मर्यादित प्रोलॅक्टिनोमासाठी अनुभवी हातांची शस्त्रक्रिया हाही पहिला पर्याय म्हणून चर्चेला ठेवला आहे, हे खरे आहे, पण त्यातील ‘अनुभवी’ हा शब्द सर्वांनी वाचावा. प्रोलॅक्टिन न तपासता शस्त्रक्रियेची तारीख दिलेले कागद आजही माझ्या टेबलावर येतात. ती तपासणी स्वस्त आहे. गाठ फार मोठी असेल तर प्रयोगशाळेला नमुना पातळ करून पुन्हा मोजायला सांगावे लागते, कारण अतिशय जास्त प्रोलॅक्टिन असताना यंत्र फसवे कमी मूल्य दाखवू शकते.

आता त्या प्रोलॅक्टिनोमा वगळा, नुसत्या देखरेखीखाली ठेवता येतील अशा गाठीही वगळा. शस्त्रक्रियेची खरी गरज असलेले रुग्ण मोजकेच उरतात, आणि ते मेडिकल, सुपर स्पेशालिटी, एम्स, रामदासपेठ, धंतोली असे सगळीकडे विखुरतात. त्यामुळे कोणाच्याच हाताखालून पुरेसे रुग्ण जात नाहीत. १९९७ मध्ये चिरिच आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील न्यूरोसर्जनांकडून माहिती घेतली तेव्हा मायक्रोस्कोपचाच जमाना होता, आणि अनुभव वाढेल तशी जवळजवळ प्रत्येक गुंतागुंत घटत गेलेली दिसली. पिट्युटरी सोसायटीने २०१७ मध्ये ‘पिट्युटरी गाठींची उत्कृष्टता केंद्रे’ कशी असावीत याचे निकष मांडले, ते याच कारणाने. माझ्या मते नागपुरात या वादापेक्षा तशा एकाच केंद्राची चर्चा आधी व्हायला हवी.

शस्त्रक्रियेनंतरचाही एक मुद्दा आहे. रुग्ण तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी जातो आणि साधारण सातव्या दिवसाच्या आसपास रक्तातील सोडियम घसरू शकते. तो तेव्हा भंडारा किंवा छिंदवाड्याला असतो. डोके दुखते, उलट्या होतात, आणि घरचे लोक ‘ऑपरेशनचा त्रास’ म्हणून थांबतात. सोडियमची चिठ्ठी डिस्चार्ज कार्डावर लिहून द्या, मग शस्त्रक्रिया कोणत्याही पद्धतीने केलेली असो.

प्रतिसाद – गोंदियाकर, रुग्णाचा भाऊ

माझ्या बहिणीला हातापायाचा आकार वाढण्याचा, अ‍ॅक्रोमेगालीचा त्रास आहे. आम्हाला नागपुरात दोन ठिकाणी दोन पद्धती सुचवल्या गेल्या आणि खर्चात बराच फरक सांगितला गेला. योजनेच्या कार्डावर काय बसते हे तर तिसऱ्याच खिडकीवर कळले. आपण सर्व डॉक्टर मंडळींनी लिहिलेले मी दोनदा वाचले. यातून आम्ही कोणता प्रश्न विचारावा, एवढे सांगितले तर उपकार होतील. ‘तुम्ही किती ऑपरेशन केली?’ असे विचारले तर डॉक्टर चिडतील का?

प्रतिसाद – वर्धा रोडवरील तरुण न्यूरोसर्जन

दादा, जो चिडेल त्याच्याकडे न गेलेले बरे. गेल्या वर्षात पिट्युटरीच्या किती शस्त्रक्रिया केल्या, त्यांतील किती रुग्णांत नाकातून पाणी गळाले, आणि अ‍ॅक्रोमेगालीच्या किती रुग्णांचे आयजीएफ-१ (वाढीच्या हार्मोनचा परिणाम दाखवणारी रक्तातील पातळी) नंतर वयानुसार सामान्य झाले, हे तीन प्रश्न विचारावेत. वाढीचे हार्मोन आणि आयजीएफ-१ हे दोन्ही बहिणीचे आधीच तपासलेले असतील; तो कागद सोबत ठेवावा. हृदयाची आणि झोपेत श्वास अडकतो का याची तपासणी भूल देण्यापूर्वी व्हायला हवी, कारण या आजारात जीभ आणि घसा जाड झाल्याने नळी घालणे कठीण जाते.

सर, एका मुद्द्यावर मी ठाम आहे. आजच्या विद्यार्थ्याला दोन्हीपैकी एकच पद्धत नीट शिकवण्याइतके रुग्ण या शहरात असतील, तर मी एंडोस्कोप शिकवीन, कारण तो शिकलेल्याला लहान गाठही काढता येते आणि मोठीही.

मूळ लेखकाचे उत्तर

तुमची अट ‘एकच’ अशी आहे, म्हणून तुमचे उत्तर बरोबर वाटते. माझ्या मते विद्यार्थ्याने पहिली काही वर्षे इतर कवटीच्या शस्त्रक्रियांसाठी मायक्रोस्कोप वापरलेलाच असतो. पिट्युटरीसाठी तो हात मोडून टाकण्याचे कारण नाही. एंडोस्कोपचे भिंग रक्ताने माखले आणि दुसरा सहायक नवखा असला, तर मायक्रोस्कोप ओढून घेता येणारा सर्जन त्या टेबलावर असावा, एवढी माझी मागणी मी मागे घेत नाही.

गोंदियाच्या भावास: दोन्ही ठिकाणचे एमआरआय एकाच डॉक्टरांना दाखवा आणि गाठ कॅरॉटिडच्या किती भोवती गेली आहे ते विचारा. ती बाजूला शिरलेली नसेल, तर वर दिलेल्या तीन प्रश्नांची उत्तरे ज्यांची स्पष्ट असतील त्यांच्याकडे जा, मग त्यांच्या हातात कोणतेही उपकरण असो. ती शिरलेली असेल, तर शस्त्रक्रियेनंतर उरणाऱ्या गाठीसाठी इंजेक्शन किंवा किरणोपचार लागू शकतात, त्याचा खर्च आत्ताच विचारून ठेवा आणि तो योजनेत बसतो का हे शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी त्या तिसऱ्या खिडकीवरून लेखी घ्या.